गुडघे, तंबू आणि तिकोना

झोपायला तंबू भाड्याने घ्यायचा आणि वर त्याचे माणशी बाराशे रुपये मोजायचे, ही गोष्ट मला कित्येक वर्षं विनोदी वाटायची. १९८९ साली आमचा गट शनिवारी संध्याकाळी लोणावळ्याची गाडी पकडायचा, तिथून पुणे लोकलने मळवली, मग अंधारात भाजे गावातून चालत गायमुख खिंड, लोहगडवाडी आणि चार दरवाजे ओलांडून वर लोहगडावर. झोपायला गडावरची गुहा, लक्ष्मी कोठी. खालून आणलेली सतरंजी, उशाला सॅक, कांदे-बटाट्याचा रस्सा. एकूण खर्च म्हणजे रेल्वेचं तिकीट. (२०२५च्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला. त्या जागतिक वारशात मी दात घासलेत, हे मी सध्या येईल त्या पेशंटला ऐकवते.)

पेशंट म्हणजे, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंडमध्ये तीस वर्षं लोकांचे गुडघे वाकवते आणि सरळ करते. चार वर्षांपूर्वी माझ्याच उजव्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मी इतरांना जे सांगते तेच स्वतःला सांगावं लागलं: बाई, चढायला एक वेळ हरकत नाही, पण उतरणं बंद. उतरताना वाटीवर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. आता चढून वरच राहायची सोय कुठल्याच गडावर नाही, त्यामुळे चढणंही बंद झालं.

शेवटचा गड तिकोना. त्याच्या शेवटच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी: गुडघ्याच्या वर येणाऱ्या पायऱ्या, अरुंद, उभ्या, बाजूला धरायला तारेचा दोर. त्या दिवशी मी त्या बसून उतरले. एकेक पायरी, लहान मूल जिना उतरतं तशी. मागे कॉलेजच्या पोरांची रांग थांबलेली आणि त्यातला एकजण अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "काकू, सावकाश, घाई नाही." त्या 'काकू'ने जितकं दुखलं तितकं गुडघ्याने दुखलं नव्हतं.

मग वर्षभर मी सह्याद्रीशी अबोला धरला. तो मोडला लेकीने. तिने माझ्या वाढदिवसाला पवना तळ्याकाठचा कॅम्प बुक केला. शनिवारचा.

त्या शनिवाराबद्दल थोडक्यात. साठ-सत्तर टेंट एकमेकांना चिकटून, लग्नाच्या मांडवात खुर्च्या असतात तसे. प्रत्येक कॅम्पचा आपला स्पीकर, त्यामुळे आमच्या टेंटमध्ये एका कानात लावणी आणि दुसऱ्यात पंजाबी. 'अनलिमिटेड' बार्बेक्यू म्हणजे माणशी पनीरचे चार तुकडे, पाचवा मागितला की वाढणारा पोरगा गायब. संडासापुढे रांग. रात्री अडीचला शेजारच्या टेंटमधल्या कुणाचं तरी पोट बिघडलं आणि त्याचा प्रसाद आमच्या तंबूच्या दोरीला मिळाला. सकाळी मी खरकट्या ताटांचं पाणी कुठे जातंय ते बघायला उठून गेले. उतारावरून सरळ तळ्यात जात होतं. आणि हे पाणी पुढे पवना नदीतून पिंपरी-चिंचवडला जातं. चिंचवडला माझी सख्खी बहीण राहते. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पण त्याच सकाळी, सगळे झोपलेले असताना, मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि धुकं उठलं. समोर तिकोना. उजवीकडे तुंग, आपला नेहमीचा टोकदार. मान मागे वळवली तर लोहगड. चारी बाजूंना माझेच गड, आणि मी खाली. चाळीस वर्षांत मी ह्या डोंगरांवरून तळं बघितलं होतं. तळ्यावरून डोंगर कधी नीट बघितलेच नव्हते. वरून तिकोना म्हणजे पायऱ्या, टाकं, मारुती, महादेवाचं देऊळ असे सुटे सुटे तुकडे. खालून तो एकसंध त्रिकोण दिसतो. नावाचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला म्हटलं तरी चालेल.

म्हणून परत गेले. फक्त शनिवार सोडून.

आता मी बुधवारी जाते. दवाखाना बुधवारी दुपारी बंद करते आणि गुरुवारी सकाळच्या अपॉइंटमेंट घेत नाही. मुलुंडहून ऐरोलीमार्गे द्रुतगती मार्ग, लोणावळ्याला वळून भांगरवाडी, मग दुधिवरे खिंड. शंभरेक किलोमीटर. बुधवारी अडीच तासांत तळ्याकाठी. हाच रस्ता शनिवारी सकाळी धरलात तर बोरघाटात तुमची गाडी आणि तुमचं लग्न दोन्ही तापतं. गाडी नसेल तर कामशेतला उतरून पवनानगरसाठी एसटी किंवा वडाप. पवनानगरला जुने लोक काळे कॉलनी म्हणतात. वडापवाल्याला तेच सांगा, लवकर कळतं.

मी जिथे जाते त्या जागेचं नाव सांगणार नाही. स्वार्थ आहे. सहा टेंट, दोन लाकडी खोल्या, एक शेड आणि एक कुत्री, जी माझ्या टेंटला पाठ लावून झोपते आणि रात्रभर घोरते (नवरा सोबत येत नाही, त्यामुळे सवय मोडत नाही). मालक चाळिशीतला. मी त्याला दादा म्हणते, तो मला मॅडम म्हणायचा, हल्ली ताईवर आलाय. त्याच्या बायकोच्या हातचा भात खाण्यासाठी मी गुडघे चांगले असते तरी आले असते. मावळातला इंद्रायणी, चिकट, वास असा की झाकण उघडलं की कुत्रीसुद्धा उठून बसते. त्यावर पातळ पिठलं. माझ्यासाठी ती बार्बेक्यू पेटवत नाही, मी मागतही नाही.

पहिल्या खेपेला दादाला मी सहज विचारलं, "ही जमीन तुमचीच का?" त्याने तळ्याकडे बोट केलं. "ती आमची होती. ही उरलेली." सत्तरच्या दशकात धरण झालं तेव्हा त्याच्या आजोबांची भातखाचरं पाण्याखाली गेली. राहिली ती वरची मुरमाड पट्टी, जिथे नाचणी आणि वरईच यायची. आज त्याच पट्टीवर टेंट आहेत, कारण तिथून 'व्ह्यू' आहे. आजोबांना जी जमीन कुणी फुकट घेतली नसती तिच्यावर नातू रात्रीचे पैसे घेतो. आणि पाणी? पाणी बघायला त्याचं, प्यायला दुसऱ्यांचं. ९ ऑगस्ट २०११ला पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीच्या विरोधात मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले होते, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे गेले. दादा तेव्हा पंचविशीचा होता. त्या दिवसाबद्दल त्याने एवढंच सांगितलं की पळताना त्याची एक चप्पल राहिली. मी तेव्हा बहिणीकडे चिंचवडला होते. टीव्हीवर बातमी चालू होती आणि बहीण नळाखाली हंडा लावून उभी होती. ही आठवण मी त्याला सांगितली नाही. काय सांगणार?

उन्हाळ्यात पाणी उतरलं की चावसरच्या बाजूला वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एरवी ते पाण्यात असतं. मी एप्रिलमध्ये गेले होते तेव्हा दादा आम्हाला घेऊन गेला. भेगाळलेल्या गाळातून चालत. दगडी देऊळ, शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली राहूनही सांधे कसे नीट आहेत हे बघून मला व्यावसायिक हेवा वाटला. दादाने चप्पल काढून आत जाऊन नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आमच्या घरचा रस्ता इथून उजवीकडं जायचा." उजवीकडे पाणीच होतं.

पोहायला उतरू नका हे तो प्रत्येकाला सांगतो, आणि त्यामागचं कारणही त्याला ठाऊक आहे. तळाशी खाचरांचे बांध आहेत, विहिरी आहेत, नदीचं जुनं पात्र आहे. कमरेएवढं पाणी म्हणून पुढचं पाऊल टाकावं तर खाली काहीच नाही. दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक शहरातून आलेल्या पोरांच्या. "ज्याला खालचा नकाशा म्हायती नाय त्यानं वर पवू नये," असं त्याचं म्हणणं.

त्या एप्रिलच्या खेपेत हौसेने ए-फ्रेमच्या केबिनमध्ये राहिले. तीही दुसरीकडे, फोटोंना भुलून. फोटोत काचेतून तळं, पांढरी चादर, खाली मिणमिणते दिवे. प्रत्यक्षात ते घर म्हणजे पत्र्याचं त्रिकोणी भजं. दिवसभर पत्रा तापतो, त्रिकोणाच्या टोकाशी गरम हवा कोंडते आणि झोपायची जागा नेमकी तिथे, वरच्या माळ्यावर. माळ्यावर जायला शिडी. गुडघेदुखीच्या बाईला! रात्री एकला मी गादी खाली ओढली आणि काचेचं दार उघडून उंबरठ्यावर झोपले. तर सांगायचं हे की फेब्रुवारीनंतर पत्र्याच्या केबिनपेक्षा कापडाचा तंबू परवडला, तो निदान सूर्यासोबत थंड होतो. आणि केबिन घ्यायचीच असेल तर विचारा, पलंग जमिनीवर आहे का.

तंबूचीही एक अडचण आहेच. मला तिच्याबद्दल बोलायचंय, कारण कुणी बोलत नाही: पन्नाशीनंतर त्यातून बाहेर कसं पडायचं?

आत जाणं सोपं असतं, माणूस पडतो आणि आत जातो. पहाटे पाचला, लघवीला, थंडीत आखडलेल्या सांध्यांनी बाहेर येणं ही खरी परीक्षा. लोक काय करतात, तर गुडघ्यांवर ओणवे होऊन रांगत बाहेर येतात आणि मग हात जमिनीला टेकून उठू बघतात. नेमकी तीच हालचाल आपल्याला वर्ज्य आहे. त्याऐवजी असं करा. रात्री झोपतानाच दाराबाहेर एक खुर्ची ठेवा, पाठ दाराकडे. उठल्यावर कुशीवर वळा, हाताने रेटून बसा, बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत या आणि पाय बाहेर टाका. तिथे दोन मिनिटं बसा. पावलं वर-खाली करा, गुडघा दहा वेळा सरळ करून सोडा. बूट घाला. मग सोबतच्या माणसाला खुर्चीच्या पायावर पाय द्यायला सांगून, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर, बरा गुडघा पुढे, आणि उठा. माझ्या मैत्रिणी ह्याला 'प्रसूती' म्हणतात. हसू द्या. गेल्या हिवाळ्यात त्यातल्या दोघींनी गुपचूप खुर्ची मागून घेतली.

काही ठिकाणी आता उंच तंबू असतात, आत लोखंडी खाट. दादाकडे एक आहे, माझ्या हट्टामुळे आलेला. त्याला तो 'ताईंचा टेंट' म्हणतो आणि मी नसताना पाचशे जास्त घेऊन देतो.

थंडीचं गणितही अनुभवाने कळलं. नोव्हेंबर ते जानेवारी गार हवा डोंगरावरून घरंगळत तळ्याच्या वाटीत साठते, त्यामुळे तळ्याकाठी गडाच्या माथ्यापेक्षा जास्त कुडकुडायला होतं. लोक घाबरून तंबूच्या सगळ्या चेन गच्च लावतात. मग रात्रभराचा श्वास आतल्या कापडावर जमतो आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर पडतो, आणि सकाळी मालकाशी भांडण, की तुमचा टेंट गळतो. टेंट गळत नाही, तुम्ही गळता. वरची जाळी थोडी उघडी ठेवा, गादीखाली वर्तमानपत्रं घाला, कानाला बांधा. आणि शेकोटीचे निखारे सिगडीत घेऊन तंबूत जायची आयडिया कुणी काढली तर त्याला तिथेच अडवा. बंद जागेत कोळशातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो, खोकलाही येत नाही.

फोनवर बुकिंग करताना मी आता फार प्रश्न विचारत नाही. कमोड आहे का, हा माझा पहिला, कारण उकिडवं बसणं मला जमत नाही. लगेच दुसरा: संडासाचा खड्डा पाण्यापासून किती लांब आहे? ह्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली तर फोन ठेवते. आणि स्पीकर किती वाजता बंद करता. "तुम्ही सांगाल तेव्हा" हे उत्तर ऐकायला गोड वाटतं पण ते वाईट उत्तर आहे, कारण तो हेच सगळ्यांना सांगतो. "आमच्याकडं स्पीकर नाय" म्हणणारा दादा मला असाच सापडला. जनरेटर नाही, स्पीकर नाही, म्हणून शनिवारी त्याचे दोन टेंट रिकामे राहतात. एकदा मी त्याला म्हटलं, लाव की बाबा एखादा, धंदा आहे. तर म्हणाला, "म्हातारी झोपत नाय." म्हातारी म्हणजे त्याची आई, शेडच्या मागच्या खोलीत.

तळ्याकाठचा दुसरा एक मुक्काम भंडारदऱ्याला झाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, काजव्यांसाठी. कसारा घाट, घोटी, शेंडी. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्यामागचा ऑर्थर लेक, आणि रतनवाडीच्या वाटेवर एका घराच्या अंगणात टाकलेले चार तंबू. जेवायला नागलीची भाकरी आणि हुलग्याचं कढण. पावसाची पहिली झड येऊन गेली होती. नऊनंतर घरातल्या आजी आम्हाला शेताच्या बांधावर घेऊन गेल्या आणि एका सादड्याखाली उभं केलं. अख्खं झाड एकदम लागायचं आणि एकदम विझायचं, जणू कुणी बटण दाबतंय. मग रस्त्यावरून गाड्यांची रांग आली, हेडलाइट पडले, आणि झाड बराच वेळ लागलंच नाही. अभयारण्याच्या नाक्यावर वनखात्याची माणसं दिवे मंद करा, फ्लॅश मारू नका म्हणून हात जोडून सांगत असतात. आत आलं की सगळे विसरतात. काजवे हे त्यांच्या लग्नाचं बोलणं दिव्यांनी करतात, आपण मध्ये टॉर्च मारतो. आजी म्हणाल्या, "पयले गाड्या नव्हत्या तं काजवेच रस्ता दावायचे." अतिशयोक्ती असेल. पण त्या रात्री मी टॉर्च खिशात ठेवला आणि त्यांच्या खांद्याला धरून परत आले.

भंडारदरा मात्र 'सहज जाऊन येऊ' ह्यात बसत नाही, निदान माझ्या कमरेला. घाटातून चार-पाच तास बसणं होतं. पवना बसतं. पावसाळ्यात दोन्हीकडे जात नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर तर पावसात लोणावळ्याकडे नुसतं बघतानाही पोटात गोळा येतो. दादाही जुलैत टेंट गुंडाळून ठेवतो आणि भात लावतो. त्या महिन्यांत फोन केला तर चिखलातून बोलतो आणि खूश असतो.

गेल्या नोव्हेंबरात माझी लक्ष्मी कोठीच्या काळातली मैत्रीण सोबत आली. ठाण्याची. तिचे गुडघे शाबूत आहेत, ह्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. गुरुवारी पहाटे ती आवाज न करता उठली, दादाच्या मोटरसायकलवर बसून तिकोना पेठेत गेली आणि वर चढायला लागली. मी खुर्चीत. मांडीवर गोधडी, हातात चहा, गळ्यात जावयाची दुर्बीण. कुत्री पायाशी.

साडेआठला तिचा फोन आला. धाप लागलेली.

"मारुतीला तुझा नमस्कार सांगितला. आता माथ्यावर आहे. दिसतेय का मी?"

"नाही."

"लाल ओढणी हलवतेय."

मी दुर्बीण फिरवली. बुरूज, गवत, आभाळ. मग कडेला मुंगीएवढं काहीतरी लाल हललं. किंवा मला तसं वाटलं.

"दिसलीस. ए, त्या शेवटच्या पायऱ्या आहेत का अजून तेवढ्याच उंच?"

पलीकडे ती पाणी प्यायली. घोट गिळल्याचा आवाज आला.

"वाढल्यात गं," ती म्हणाली. "चहा ठेवायला सांग, मी बसून उतरणारे."